एमबीए-एमएसला इन्फॉर्मेशन सिस्टिम्स आणि डिसिजन ॲनालिटिक्स घेताय? कोर्स निवडायचे कसे, शिकायचे कसे

बिझनेस स्कूलच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळतो, कोर्स नोंदवायची तारीख जवळ येते आणि यादी उघडली की बहुतेकांची एकच गत होते. डेटाबेस मॅनेजमेंट, बिझनेस इंटेलिजन्स, डिसिजन मॉडेल्स, प्रेडिक्टिव्ह ॲनालिटिक्स, सिस्टिम्स ॲनालिसिस, ऑप्टिमायझेशन, मशीन लर्निंग. नावं ओळखीची वाटतात, पण आधी कुठला घ्यायचा, कुठला सोडला तरी चालेल आणि कुठला सोडला तर पुढची दोन सेमिस्टर जड जातील, हे यादीत लिहिलेलं नसतं. सीनियरना विचारावं तर 'मशीन लर्निंग घे, त्यालाच मागणी आहे' एवढ्यावर विषय संपतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. टूलचं नाव बघून कोर्स निवडू नका. प्रत्येक कोर्सला दोन प्रश्न विचारा. आकडा कुठून आणि कसा येतो, हे यात कळेल का? आणि तो आकडा हातात आल्यावर कोण काय वेगळं करणार, हे यात कळेल का? पहिला प्रश्न इन्फॉर्मेशन सिस्टिम्सचा, म्हणजे माहिती प्रणालींचा. दुसरा डिसिजन ॲनालिटिक्सचा, म्हणजे निर्णय-विश्लेषणाचा. मधे मॉडेल, म्हणजे आकड्यांवरून उत्तर किंवा अंदाज काढणारी गणिती मांडणी, बसतं आणि सगळ्यांची नजर त्या मॉडेलवरच असते. प्रत्यक्ष कामात मात्र माणसं दोन्ही टोकांना अडतात.

पहिली पायरी: आपण कुठल्या पदवीत आहोत ते नीट बघा

हेच विषय तीन वेगवेगळ्या पदव्यांत शिकवले जातात. एमबीएमध्ये ते स्पेशलायझेशन म्हणून येतात. मार्केटिंग, फायनान्स, ऑपरेशन्स यांच्यासोबत चार-पाच कोर्स. एमएस इन बिझनेस ॲनालिटिक्स ही साधारण वर्षभराची, मॉडेलवर भर देणारी पदवी. एमएस इन इन्फॉर्मेशन सिस्टिम्समध्ये डेटाबेस, प्रणालींची रचना, क्लाउड, सुरक्षा, प्रोजेक्ट मॅनेजमेंट यांचं वजन जास्त. वय बघितलं तर माहिती प्रणाली हा विषय यात थोरला: मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६८ मध्ये त्याचा पदवी अभ्यासक्रम उभा केला. ॲनालिटिक्सची स्वतंत्र मास्टर्स पदवी बरीच अलीकडची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने ती २००७ मध्ये सुरू केली.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? एमबीएवाल्याला खोलात जायला वेळ कमी मिळतो, म्हणून त्याने दोन टोकं पक्की करावीत आणि मधल्या मॉडेलचा एकच चांगला कोर्स घ्यावा. ॲनालिटिक्सवाल्याचा अभ्यासक्रम मॉडेलनीच भरलेला असतो, त्याने इलेक्टिव्हची जागा मुद्दाम डेटाबेस आणि प्रोसेसच्या कोर्सला द्यावी. माहिती प्रणालीवाल्याने निर्णय-मॉडेलिंगचा निदान एक कोर्स घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

दुसरी पायरी: सिलॅबस उलटा वाचा

कोर्सचं वर्णन जाहिरातीसारखं असतं, त्यावर विसंबू नका. सिलॅबस मिळवा आणि आधी गुणांची विभागणी बघा. साठ टक्के गुण लेखी परीक्षेला असतील तर तो सिद्धान्ताचा कोर्स, नाव काहीही असो. प्रोजेक्टला निम्मे गुण असतील तर ग्रुप कसा ठरतो आणि डेटा कोण देणार ते विचारा. मग शेवटच्या दोन आठवड्यांचे विषय बघा. कोर्स कुठवर पोचतो ते तिथे दिसतं. सर्वांत शेवटी पूर्वअट वाचा. 'मूलभूत संख्याशास्त्राची ओळख' असं लिहिलं असेल तर त्यात रिग्रेशन (इतर आकड्यांवरून एक आकडा सांगणारं समीकरण बसवणं) धरलंय का, हे शिक्षकांना मेल करून विचारलेलं बरं. या एका वाक्यावर दर वर्षी मुलं अडकतात.

अनेक ठिकाणी सेमिस्टरचे दोन तुकडे करून सहा-सात आठवड्यांचे छोटे कोर्स असतात. त्यांचा वेग फसवा असतो. दुसरा आठवडा चुकला तर कोर्सचा मोठा भाग हातचा गेला. असे दोन छोटे आकडेमोडीचे कोर्स एकाच वेळी घेऊ नका.

तिसरी पायरी: वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

ही तयारी वाटते तेवढी मोठी नाही. गणितात सशर्त संभाव्यता आणि सरळ समीकरणं पक्की हवीत. 'अ घडलं असेल तर ब घडण्याची शक्यता किती' आणि 'ब घडलं असेल तर अ घडण्याची शक्यता किती' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कागदावर आकडे मांडून सिद्ध करता आलं पाहिजे. एक्सेलमध्ये डॉलरचं चिन्ह लावून सेल गोठवणं, लुकअप आणि पिव्होट टेबल यांवर हात बसलेला हवा. पायथन किंवा आर यांपैकी एकच भाषा निवडा. तुमच्या विभागात जी जास्त चालते ती. दोन्ही फुकट आहेत. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्या सरावासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो, तोही फुकट.

जीमॅट ही प्रवेश परीक्षा देऊन आला असाल तर थोडी तयारी आपोआप झालेली असते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या नव्या रूपात 'डेटा इनसाइट्स' हा स्वतंत्र भाग आहे: ४५ मिनिटं, २० प्रश्न, तक्ते आणि आलेख वाचून उत्तर द्यायचं, आणि बऱ्याच प्रश्नांत दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही एवढंच विचारलेलं. 'माहिती पुरेशी आहे का' हा प्रश्न पुढे पूर्ण पदवीभर सोबत असतो.

चौथी पायरी: डेटाबेसचा कोर्स पहिल्याच सेमिस्टरमध्ये

यावर मी थोडी अडूनच बसते. डेटाबेसचा कोर्स 'आयटीवाल्यांचा' म्हणून मागे टाकला जातो आणि मग प्रेडिक्टिव्ह मॉडेलच्या कोर्समध्ये मुलं शिक्षकांनी साफ करून दिलेल्या एकाच फाइलवर तीन महिने काम करतात. नोकरीत तशी फाइल कोणी देत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

विषयाचा गाभा जुना आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं की माहिती टेबलांत ठेवावी आणि ती डिस्कवर कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला पडू नये. त्या टेबलांना प्रश्न विचारण्याची भाषा, आजचं एसक्यूएल, १९७४ मध्ये डॉन चेम्बरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आणली. आज बँकेपासून दवाखान्यापर्यंत बहुतेक रोजचे व्यवहार याच घडणीत नोंदले जातात. या कोर्समध्ये तीन गोष्टी जिवापाड शिका: एक रांग नक्की कशाची आहे हे सांगता येणं, प्रत्येक रांग वेगळी ओळखू देणारी किल्ली (इंग्रजीत 'की') कुठली ते ओळखणं, आणि जॉइन, म्हणजे दोन टेबलं समान किल्लीवरून जोडणं.

जॉइनची एक गंमत नव्हे, सापळाच म्हणायला हवा, इथे सविस्तर सांगते. एक ग्राहक घ्या. त्याने तीन ऑर्डरी दिल्या, प्रत्येक ५०० ची. त्याच ग्राहकाच्या दोन तक्रारी आहेत. ग्राहकांचं टेबल ऑर्डरींशी जोडलं, तीन रांगा आल्या. त्यालाच ग्राहक क्रमांकावरून तक्रारींचं टेबल जोडलं, की प्रत्येक ऑर्डरसमोर प्रत्येक तक्रार येऊन बसते आणि रांगा होतात सहा. आता बेरीज केली तर या ग्राहकाची खरेदी ३००० दिसते. खरी १५००. क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, कुठलीही चूक दाखवली नाही, उत्तर झटक्यात आलं, आणि वर असा निष्कर्षही निघाला की जास्त तक्रार करणारे ग्राहक जास्त खरेदी करतात! हे टाळायचं तर आधी ऑर्डरींची बेरीज ग्राहकागणिक करून घ्यायची, तक्रारींची मोजणीही तशीच, आणि मग जोडायचं. प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर रांगा मोजायची सवय लावून घ्या. आता क्वेरी लिहून देणारी एआय टूल्स आली आहेत आणि ती लिहितातही छान. पण एक रांग कशाची आहे हे तुम्ही त्यांना सांगितलं नाही तर हीच चूक तीही करू शकतात, आणि ओळखायची जबाबदारी तुमचीच राहते. कुठल्या कोर्समध्ये ती वापरायला परवानगी आहे ते सिलॅबसमध्ये बघा, प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा असतो.

'एक्सेल असताना डेटाबेस कशाला' असं अजूनही विचारलं जातं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोरोना चाचण्यांचे १५,८४१ पॉझिटिव्ह निकाल रोजच्या आकडेवारीतून गळाले. कारण माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात ओतली जात होती. त्या प्रकारात एका शीटला ६५,५३६ रांगांची मर्यादा आहे. जागा संपल्यावर उरलेल्या नोंदी आत आल्याच नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तेवढे दिवस रखडला. नव्या प्रकारात १०,४८,५७६ रांगा मावतात, पण मुद्दा रांगांचा नाही. नोंद हरवली तर ओरडणारी व्यवस्था कुणीतरी बांधावी लागते, आणि ती कशी बांधायची हे डेटाबेसच्या कोर्समध्ये शिकायला मिळतं.

पाचवी पायरी: निर्णय-मॉडेलिंग, शक्यतो त्याच सेमिस्टरला

कुठे याला डिसिजन मॉडेल्स म्हणतात, कुठे मॅनेजमेंट सायन्स, कुठे स्प्रेडशीट मॉडेलिंग. नाव साधं, म्हणून मुलं कमी लेखतात. माझ्या मते पूर्ण पदवीत पैशाची किंमत सर्वाधिक वसूल करून देणारा कोर्स हाच.

डिसिजन ट्री, म्हणजे पर्याय आणि त्यांचे परिणाम फांद्यांसारखे मांडणारी आकृती, घेऊन बघू. आकडे लाखांत समजा. नवं उत्पादन बाजारात आणायचं की नाही? चाललं तर ९० चा फायदा, पडलं तर ४० चा तोटा. चालण्याची शक्यता ०.४ वाटते. अपेक्षित मूल्य, म्हणजे प्रत्येक परिणाम त्याच्या शक्यतेने गुणून केलेली बेरीज: ०.४ गुणिले ९० म्हणजे ३६, वजा ०.६ गुणिले ४० म्हणजे २४. उरले १२. न आणलं तर शून्य. म्हणजे आणावं. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

आता एक संस्था म्हणते, 'आम्ही बाजाराची पाहणी करून देतो.' किती पैसे द्यावेत? आधी अशी कल्पना करा की पाहणी कधीच चुकत नाही. मग चालणार असेल तेव्हाच उत्पादन आणाल: ०.४ गुणिले ९०, म्हणजे ३६. पाहणी नसताना १२ होते. फरक २४. जगातली सर्वोत्तम पाहणी असली तरी २४ च्या वर एक पैसा देणं चूक. मीटिंगमध्ये ही वरची मर्यादा दोन मिनिटांत काढता आली तर पुढचा अर्धा तास वाद वाचतो.

पण खरी पाहणी चुकते. समजा ती दहातल्या आठ वेळा बरोबर असते, उत्पादन चालणारं असो वा पडणारं. चालणारं असून पाहणी 'चालेल' म्हणेल याची शक्यता ०.४ गुणिले ०.८, म्हणजे ०.३२. पडणारं असूनही 'चालेल' म्हणेल ती ०.६ गुणिले ०.२, म्हणजे ०.१२. 'चालेल' असं उत्तर आलं तरच आणायचं ठरवलं, तर हाती येतं ०.३२ गुणिले ९० वजा ०.१२ गुणिले ४०, म्हणजे २८.८ वजा ४.८, बरोबर २४. ('पडेल' असं उत्तर आल्यावर आणलं तर तोटाच होतो, तो हिशोब तुम्ही करून बघा.) पाहणीविना १२, पाहणीसह २४, म्हणजे या पाहणीची किंमत १२. जी माहिती ८० टक्के बरोबर आहे तिचं मोल परिपूर्ण माहितीच्या ८० टक्के नाही, निम्मं आहे. हे कागदावर स्वतःच्या हाताने एकदा काढलं की डेटा विकत घ्यायचा कुठलाही प्रस्ताव तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल.

याच कोर्समध्ये सिम्युलेशन येतं, म्हणजे अनिश्चित आकडे पुन्हा पुन्हा बदलून काय होतं ते बघणं. तिथली पहिली शिकवण अशी: सरासरी आकडे आत टाकले तर सरासरी उत्तर बाहेर येतंच असं नाही. मागणी कधी ५० तर कधी १५०, दोन्हींची शक्यता सारखी, आणि तुमची क्षमता १००. सरासरी मागणी १०० म्हणून सरासरी विक्रीही १०० धराल तर फसाल. विक्री एकदा ५० होते, एकदा १००, सरासरी ७५. किती तरी बजेटं या एका कारणाने फसतात.

आणि ऑप्टिमायझेशन, म्हणजे मर्यादा पाळून सर्वांत चांगला पर्याय शोधणं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये एक कोडं मांडलं: ७७ खाद्यपदार्थांतून पोषणाच्या नऊ गरजा भागवणारा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार कोणता? हुशारीने अंदाज बांधत ते ३९.९३ डॉलरपर्यंत पोचले. १९४७ मध्ये अशी कोडी पायरीपायरीने सोडवणारी जॉर्ज डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत आली. ती तपासायला हेच कोडं घेतलं, टेबलावरच्या हिशोबयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवस खर्च झाले आणि उत्तर निघालं ३९.६९ डॉलर. आज एक्सेलचा सॉल्व्हर ते चुटकीसरशी काढतो, त्याच्या साध्या रूपाला २०० चलांची, म्हणजे ठरवायच्या आकड्यांची, मर्यादा असली तरी. म्हणून उत्तर काढायला शिकण्यात फार वेळ घालवू नका, मांडणी शिका. मी काय ठरवू शकते, मला काय वाढवायचं आहे, मला कोण अडवतंय, हे तीन रकाने भरता आले की निम्मं काम झालं. त्यानंतर सॉल्व्हर उत्तरासोबत देतो त्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमधली शॅडो प्राइस समजून घ्या. अडवणारी मर्यादा एकाने सैल केली तर फायदा कितीने वाढेल, हे ती सांगते. ओव्हरटाइम द्यायचा की नाही, मशीन भाड्याने घ्यायचं की नाही, याचं उत्तर तिथेच दडलेलं असतं, आणि परीक्षेत नेमका हाच भाग मुलं सोडून देतात.

सहावी पायरी: संख्याशास्त्र, आणि मग प्रेडिक्टिव्ह मॉडेल

संख्याशास्त्राचा कोर्स बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. एकच लक्षात ठेवा: गटांची बेरीज करून काढलेला आकडा गटागटाने उलटा निघू शकतो. बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. उघड भेदभाव वाटला. विभागवार पाहिल्यावर बहुतेक विभागांत तसा फरक सापडला नाही. स्त्रियांचे अर्ज जिथे प्रवेश अवघड अशा विभागांत जास्त गेले होते. रिग्रेशनच्या तासाला 'इतर गोष्टी स्थिर ठेवून' असं शिक्षक म्हणतात तेव्हा हे उदाहरण डोळ्यांसमोर आणा.

मशीन लर्निंगचा, म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज सांगणारी मॉडेल बनवण्याचा, कोर्स दुसऱ्या सेमिस्टरला घ्या, आधी नको. त्यातली अल्गोरिदम आकर्षक आहेत, शिकायलाही मजा येते. पण मॉडेल चांगलं की वाईट हे ठरवताना निर्णय-मॉडेलिंग आलेला विद्यार्थी आणि न आलेला विद्यार्थी लगेच वेगळे दिसतात. १००० ग्राहक आहेत, त्यातले ५० सोडून जाणार आहेत. 'कुणीच जाणार नाही' असं म्हणणारं मॉडेल ९५ टक्के वेळा बरोबर ठरतं. दुसरं मॉडेल १०० जणांकडे बोट दाखवतं, त्यातले ४० खरोखर जाणारे, ६० उगीच. आणि जाणारे १० त्याच्या नजरेतून सुटतात. त्याची अचूकता ९३ टक्के. अचूकतेवर निवड केली तर निरुपयोगी मॉडेल जिंकतं. आता हिशोब करा. एका ग्राहकाला फोन करून सवलत द्यायचा खर्च १००, टिकलेल्या ग्राहकाचं मोल १०००, आणि जाणाऱ्यांपैकी ज्यांना फोन गेला त्यातले निम्मे थांबतात. दुसऱ्या मॉडेलला खर्च १०,०००, मिळकत २०,०००. पहिल्याला दोन्ही शून्य. असाइनमेंटमध्ये अचूकतेसोबत हा हिशोब मागितला नसला तरी जोडा.

अंदाज आणि निर्णय यांतलं अंतर किती महाग पडू शकतं याचं ठळक उदाहरण म्हणजे झिलो. घरांच्या किमतींचा अंदाज देण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या अमेरिकी कंपनीने स्वतः घरं विकत घेऊन पुन्हा विकायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद केला. सुमारे पाव कर्मचाऱ्यांना काढावं लागलं. पुढच्या काही महिन्यांतल्या किमती पुरेशा भरवशाने सांगता येत नाहीत, असं कारण कंपनीनेच दिलं. माहिती म्हणून दाखवलेला अंदाज पाच टक्क्यांनी चुकला तर वाचणारा खांदे उडवतो. त्याच अंदाजावर घर विकत घेतलं तर ते पाच टक्के खिशातून जातात. शिवाय तुमची बोली जिथे चुकून जास्त लागते, नेमकी तीच घरं मालक तुम्हाला आनंदाने विकतात. चाचणीच्या डेटावर हा परिणाम दिसत नाही.

सातवी पायरी: प्रोसेस आणि प्रणालींचा कोर्स

सिस्टिम्स ॲनालिसिस, एंटरप्राइज सिस्टिम्स, बिझनेस प्रोसेस. हे कोर्स कंटाळवाणे असतात अशी ख्याती आहे आणि काही ठिकाणी ती खरीही असते. तरी एक घ्याच. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या उन्हाळ्यात ऑर्डर, साठा आणि वितरण यांची नवी प्रणाली घाईने सुरू केली. ऐन हॅलोविनच्या हंगामात सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत, तेही माल असताना. माल कुठे आहे हे कामगारांना माहीत होतं, प्रणालीला नव्हतं. अशा कोर्समध्ये आकृत्या काढण्याचा कंटाळा करू नका. ऑर्डर कुणाच्या हातातून कुणाकडे जाते आणि नोंद कोण करतं, हे त्या आकृतीत पकडलं जातं. जमलं तर एखाद्या खऱ्या काउंटरवर दोन तास उभं राहून ती आकृती काढा. लोक प्रणालीला वळसा घालून कागदावर काय लिहून ठेवतात ते बघा. अर्धं डेटा क्लीनिंग तिथेच समजतं.

आठवी पायरी: इलेक्टिव्ह

जागा दोन-तीनच असतात. माझी पहिली पसंती प्रयोग आणि कार्यकारणभावाच्या कोर्सला: ए-बी टेस्टिंग, कॉजल इन्फरन्स, जे नाव असेल ते. सवलत दिल्यामुळे ग्राहक थांबला की तो थांबणारच होता, याचं उत्तर प्रेडिक्टिव्ह मॉडेल देत नाही. दुसरी पसंती तुमच्या क्षेत्राला जोडलेल्या कोर्सला. सप्लाय चेन, हेल्थकेअर, मार्केटिंग ॲनालिटिक्स यांपैकी एक. डेटा सिक्युरिटी आणि गोपनीयतेचा छोटा कोर्स असेल तर जरूर घ्या. फक्त एका कंपनीच्या टूलवर बेतलेला कोर्स क्रेडिट खर्च करून घेऊ नका. डॅशबोर्डची टूल्स सुट्टीत स्वतःची स्वतः शिकता येतात.

नववी पायरी: सराव म्हणून एक छापील तक्ता पुन्हा काढा

हा कुठल्या सिलॅबसमध्ये असो वा नसो, स्वतः करा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत थॉमस हर्नडन या पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्गात असंच काम मिळालं होतं: प्रसिद्ध झालेला एक निबंध घ्या आणि त्यातले आकडे पुन्हा मिळवून दाखवा. त्याने दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध घेतला. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असते, असं त्यात होतं. काही केल्या आकडे जुळेनात, म्हणून त्याने मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या रांगा धरल्याच गेल्या नव्हत्या. काही वर्षं गाळलेली होती आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही त्याचे आक्षेप होते. आपल्या दोन प्राध्यापकांसोबत त्याने २०१३ मध्ये नवा हिशोब छापला, त्यात ती वाढ २.२ टक्के निघाली. तुम्हाला एवढं मोठं काही सापडणार नाही. पण दुसऱ्याचा तक्ता जुळवताना व्याख्या, गाळलेल्या रांगा आणि गोल केलेले आकडे यांकडे जेवढं लक्ष जातं तेवढं स्वतःच्या कामात कधीच जात नाही.

दहावी पायरी: कॅपस्टोन

कॅपस्टोन म्हणजे पदवीचा शेवटचा मोठा प्रोजेक्ट. शेवटच्या सेमिस्टरला एखाद्या कंपनीचा खरा प्रश्न मिळतो. पहिल्या भेटीत डेटाबद्दल बोलू नका. तीन गोष्टी विचारा: हा निर्णय आज कोण घेतं, किती वेळा घेतं, आणि आमचं उत्तर आल्यावर ते काय बदलू शकतात? तिसऱ्या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर आलं तर प्रश्न अजून ठरलेला नाही. मॉडेल सुरू करायच्या आधी तो ठरवून घ्या, शिक्षकांची मदत घ्या. डेटा मिळायला कबूल केल्यापेक्षा उशीर होतो असं गृहीत धरा आणि तोवर बनावट नमुना डेटा तयार करून त्यावर पूर्ण काम शेवटपर्यंत एकदा चालवून ठेवा. खरा डेटा येईल तेव्हा फक्त फाइल बदलायची.

ग्रुपमध्ये कामं 'तू कोड, मी रिपोर्ट' अशी वाटू नका. डेटा ओढणारा आणि शिफारस लिहिणारा यांनी दर आठवड्याला एकत्र बसून एक तरी आकडा मुळापासून शेवटपर्यंत माग काढत तपासावा. सादरीकरणात पहिल्या पानावर शिफारस, तिचा फायदा आणि ती चुकली तर होणारा तोटा. दुसऱ्यावर कुठलं गृहीतक किती बदललं की शिफारस उलटते ते. अल्गोरिदमचं नाव परिशिष्टात चालेल. आणि कंपनीकडे सोपवताना मॉडेलसोबत एक साधी यादी द्या: कुठल्या कॉलमचा अर्थ काय, तो कुणाच्या नोंदीतून येतो, कधी रिकामा असतो, आणि बदलला तर कुणाला कळवायचं.